दुसरी चिठ्ठी

आमच्या ह्यांनी उभी हयात लकडगंजात लाकडांच्या वासात काढली. एका टिंबर डेपोत मालाची पारख करायचं काम. ओंडक्यावर हातोडीच्या दांड्यानं दोन ठोके मारायचे, कान लावायचा आणि सांगायचं, भरीव आहे की पोकळ. मालक तिकडे गिऱ्हाइकाला माल एक नंबर आहे म्हणून पटवत असायचा आणि हे शेजारी उभं राहून म्हणायचे, "आतून सडला आहे गा. नेऊ नको." मालक कपाळावर हात मारायचा. पण गिऱ्हाईक मालकाला सोडून ह्यांनाच विचारायला यायचं, म्हणून मालकानं ह्यांना शेवटपर्यंत कामावर ठेवलं.

काम सुटल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर भाजी आणायच्या निमित्तानं चौकात उभी राहतात. ह्यांना पक्ष्यांचं वेड लागलं, आणि त्यातही सुतारपक्ष्यांचं. मी म्हणायची, "आयुष्यभर झाडं कापणाऱ्यांत राहिले, आता झाडं ठोकणाऱ्याच्या मागं लागले." तर म्हणाले, "तो बी माह्यासारखाच आहे वं. पयले ठोकते, मग कान लावते, मग ठरवते."

मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली. चिमणी आणि कावळा ह्यापलीकडे पाठ्यपुस्तकातही फार काही नसायचं. पण मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये रविवारी एकटीनं भिंतींकडे पाहत बसण्यापेक्षा ह्यांच्यासोबत गेलेलं बरं, म्हणून मीही जाऊ लागले. माझं काम डबा धरायचा, पाण्याची बाटली धरायची आणि कोणी "तो पाहा" म्हटलं की "अय्या हो" म्हणायचं. निम्म्या वेळा मला दिसलेलं काही नसायचं. त्यानं कुणाचं बिघडत नव्हतं.

गटात आम्ही दहा-बारा जण. सगळ्यांत वडीलधारे सर, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. त्यांच्याकडे गटाची एक जाडजूड वही आहे, लाल कापडी पाठीची. दर रविवारी कुठे गेलो, काय दिसलं, सगळं तिच्यात. नेहमीचे पक्षी कोणीही सांगितले तरी सर लिहून घेतात. पण सहसा न दिसणारा पक्षी असला की सरांचा कायदा कडक. फोटो तरी हवा, नाहीतर दोन माणसांच्या दोन चिठ्ठ्या. आणि पक्षी पाहिल्या क्षणापासून त्या दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. प्रत्येकानं आपापलं लिहायचं, घडी घालून सरांकडे द्यायचं. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी सर दोन्ही चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार. जुळल्या तर वहीत नोंद. नाही जुळल्या तर चहा प्या आणि घरी जा. सरांचं म्हणणं, दोन माणसं आपसांत बोलली की त्यांनी पाहिलेलं वेगळं राहत नाही.

त्या वहीत एका पक्ष्याची नोंद नव्हती, आणि सगळ्यांचा जीव त्याच्यातच अडकलेला होता. मोठा काळा सुतार. डोमकावळ्याएवढा, काळाभोर, पोट पांढरं, डोक्यावर लाल. आमच्या भागातल्या जंगलात पूर्वी असायचा म्हणतात. आता कित्येक वर्षांत कोणी खात्रीनं पाहिलेला नाही. सर म्हणायचे, आपल्याकडून गेला असं धरून चाला. पण धरून चालतं कोण? वर्षा-दोन वर्षांत कोणाला तरी तो दिसायचाच. एका इंजिनिअरसाहेबांना चालत्या गाडीतून दिसला, तो कावळा निघाला. एकदा तर आख्खा गट पाऊण तास दुर्बिणी लावून एका सागाकडे पाहत उभा होता. काळं काहीतरी खोडाला चिकटून हलत होतं. शेवटी वारा आला आणि ती काळी प्लास्टिकची पन्नी फडफडत खाली आली. त्या दिवशी मी एवढी हसले की हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ह्यांचा मात्र कधीच "मला दिसला" म्हणून दावा नव्हता. रविवारी कोणी उड्या मारू लागलं तरी हे शांत. "ठोकून पाहू दे पयले," म्हणायचे. म्हणून तर सरांना ह्यांचं कौतुक. सर एकदा मला म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या ह्यांनी एखादा पक्षी सांगितला की मी पेन उघडूनच ठेवतो."

तो रविवार थंडी संपतानाचा. आम्ही दोन गाड्या करून खाप्याला गेलो, तिथून पुढे जंगलात. ह्यांचा गुडघा त्या दिवशी फार बोलत होता. बाकीचे पुढे गेले आणि आम्ही दोघं एका कोरड्या नाल्याच्या काठी दगडांवर बसलो. मी सांबारवड्या केल्या होत्या. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, थंडीत तिच्या वड्या होतातच. ह्यांनी दोन खाल्ल्या, हात पुसला आणि दुर्बीण गळ्यात अडकवली. त्या डब्याचं झाकण म्हणजे माझा जन्माचा वैरी. एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं उघडतं. वड्यांवर मुंग्या यायला लागल्या होत्या, म्हणून मी डबा मांडीवर घेऊन त्याच्याशी झगडत बसले होते.

तेवढ्यात ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन. मी मान वर केली नाही, कारण झाकण बसत आलं होतं. आणि ह्यांनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की वड्या सांडता सांडता राहिल्या.

"पाह्य! पाह्य वं! पाह्य!"

मी वर पाहिलं. पण झाडाकडे नाही, आधी ह्यांच्याकडेच पाहिलं. मग ह्यांच्या नजरेच्या दिशेनं झाडाकडे. समोर वाळलेला मोह उभा होता, त्याच्यावर काहीच नव्हतं. नाल्यापलीकडे पानं हलल्यासारखी वाटली, तीही वाऱ्यानं असतील.

"पाहिला नं? तू बी पाहिला नं?"

आता काय सांगू? त्या माणसाचं तोंड असं झालं होतं की "नाही" म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "हो."

म्हटलं आणि पुढच्या क्षणी वाटलं, थांब, सांगून टाकावं. तर हे हात वर करून माझ्यावर ओरडलेच, "बोलू नको! आता एक शब्द बोलू नको! चिठ्ठी लिहायची आहे!" आणि माझ्याकडे पाठ करून, खिशातून कागद काढून लिहायलाही लागले. मी तोंड उघडलं की हे कानांवर हात ठेवायचे. सरांचा कायदा! बाप्पा, त्या कायद्यानं मला खरं बोलायचीच बंदी केली. गाडीत बसेपर्यंत बाकीच्यांना कळलं होतं आणि सगळे आमच्याकडे वरातीतल्या नवरा-नवरीकडे पाहावं तसे पाहत होते. ह्यांनी घडी केलेली चिठ्ठी सरांच्या हातात दिली. सर म्हणाले, "वहिनी, तुमची?" मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला. उद्या पाठवते."

चष्मा पर्समध्येच होता, गाडीत बसताना मीच काढून ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी ह्यांचं पक्ष्यांचं पुस्तक काढलं. मनात म्हटलं, ह्यांनी पाहिला हे तर पक्कं आहे. हा माणूस ओंडक्याच्या बाबतीत मालकासाठी खोटं बोलला नाही, तो पक्ष्यासाठी कशाला बोलेल? मग माझी चिठ्ठी म्हणजे फक्त सही. पक्षी खरा, चिठ्ठी माझी, ह्यात कुणाचं काय जातं? असं मी स्वतःला समजावलं. ज्या बाईनं तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, बाकाखालच्या, बाहीतल्या, कंपासपेटीतल्या, ती पुस्तक उघडं ठेवून कॉपी करत बसली होती.

आणि करायला घेतलं तर मी मन लावून केलं. चित्रातला पक्षी पाहून पाहून लिहिलं. त्याचा काळा रंग, पांढरं पोट, आणि "माथ्यापासून मानेपर्यंत लालभडक तुरा शोभत होता, गालावरही तांबडी पट्टी उठून दिसत होती." शुद्धलेखन तपासलं. पाकिटात घालून सरांकडे पाठवून दिलं. आठवडाभर हे घरात शीळ घालत फिरत होते. माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर नाही, पण भाजी चिरताना माझ्याकडे पाहून मधूनच हसायचे. आम्हा दोघांचंच एक काहीतरी आहे, असं ते हसणं. मीही हसायची. आणि लगेच मान वळवून कामाला लागायची.

पुढच्या रविवारी सरांच्या घरी सगळे जमले. एरवी निम्मे लोक चहाला थांबत नाहीत, त्या दिवशी एकही गळाला नाही. सरांनी आधी ह्यांची चिठ्ठी वाचली. ह्यांचं लिहिणं म्हणजे डेपोतल्या मालाचं वर्णन.

"सकाळी साडेआठच्या आसपास. वाळलेला मोह. जमिनीपासून वीसेक फूट. डोमकावळ्याएवढा. सगळा काळा, पोट पांढरं पण मळकट. लाल फक्त डोक्याच्या मागच्या बाजूला. कपाळ काळं. गालावर लाल नाही. तीनदा ठोकलं. डावीकडे नाल्यापलीकडे उडाला. उडताना पाठीवर शेपटीच्या वर पांढरं दिसलं. पाच-सहा सेकंद. चष्मा लावलेला होता."

सरांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "मादी." पुस्तकात मोठं चित्र नराचं होतं हो! खाली कोपऱ्यात मादीचं छोटंसं डोकं काढलेलं होतं, तिला लाल फक्त मागं. मी त्या कोपऱ्याकडे पाहिलंच नव्हतं.

मग सरांनी माझी चिठ्ठी उघडली. लालभडक तुरा आला. तांबडी पट्टी आली. सर वाचत होते आणि मी जमिनीकडे पाहत होते. "शोभत होता" ह्या शब्दावर तर मला स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली. वाचून झालं. मी हळूच ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. रागानं नाही. ओंडक्यावर ठोका मारून कान लावावा, तसं. आणि त्यांना कळलं होतं.

मोठा कॅमेरा घेऊन येणारा एक तरुण आहे गटात, तो चांगल्या मनानं म्हणाला, "काकूंचा नर आहे आन् काकांची मादी. जोडी असन नं मग! दोन असतीन!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. सर माझ्याकडे वळले. "वहिनी, दोन होते का?"

फक्त "हो" म्हणायचं होतं. माझ्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात हे बोलले.

"हिले काही इचारू नका सर. हिची चूक नाही. मीच हिले पुस्तक दाखवून लिहायले लावलं."

मी ह्यांच्याकडे पाहतच राहिले. ज्या माणसानं आयुष्यात सडक्या ओंडक्याला भरीव म्हटलं नाही, तो दहा-बारा लोकांसमोर, सरांसमोर, डोळे न लववता धादांत खोटं बोलून राहिला होता. आणि मी? मी गप्प बसले. हे मला लिहितानाही लाज वाटते, पण मी गप्प बसले. सरांनी दोन्ही चिठ्ठ्यांच्या घड्या घातल्या, वहीत ठेवल्या, वही मिटली. म्हणाले, "बरं. चहा घ्या."

घरी आल्याबरोबर मी भांडायलाच लागले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी. "काहून बोलले तुम्ही तसं? कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला?"

हे बूट काढत होते. म्हणाले, "तीस वर्षं मास्तरीण होती तू. पोरायच्या कॉप्या पकडल्या. तुले त्या लोकायसमोर कॉपी करताना पकडलं असतं, ते मले पाह्यवलं नसतं."

"आणि तुमचा पक्षी?"

"पक्ष्याले काय फरक पडते? तो वहीत नसला तरी झाडावर आहेच."

मग बराच वेळ ते दुसऱ्या बुटाची नाडी सोडत राहिले. ती सुटलेलीच होती. शेवटी मान खाली घालूनच म्हणाले, "मले वाटलं होतं, आपण दोघांनी पाहिला."

स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत उभी राहिले.

त्यानंतरचे रविवार मला आठवले तरी राग येतो. आधी लोकांचा, मग स्वतःचा. व्हॉट्सॲपवर कोणीतरी कावळ्याचा फोटो टाकून खाली लिहायचं, "काका, पाहा, तुमचाच का?" हे त्याला हसण्याचं चित्र टाकायचे. ते ठीक होतं, थट्टा कोण करत नाही? पण जंगलात गेल्यावर हे मागं मागं राहू लागले. आधी सगळ्यांच्या पुढे चालून "तो पाहा" म्हणणारा माणूस, आता काही दिसलं तर बोलायचाच नाही. एकदा अंबाझरीला अगदी डोक्यावरच्या फांदीवर तांबट टुक टुक करत बसला होता. शेंबडं पोरही ओळखेल. आणि हे शेजारच्या माणसाला हळूच विचारत होते, "तांबटच आहे नं गा?"

ह्या माणसाजवळ मोठं घर नाही, पद नाही, काही नाही. एक शब्द होता. तो लकडगंजात चालायचा आणि सरांच्या वहीत चालायचा. तो मी माझ्या सुंदर हस्ताक्षरात घालवला होता.

दुसऱ्याच दिवशी ह्यांना न सांगता ऑटो करून सरांकडे गेले. सर एकटेच वाचत बसले होते. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं, की मी पक्षी पाहिला नाही, पुस्तकात पाहून लिहिलं, आणि ह्यांनी मला काहीही लिहायला लावलं नव्हतं.

सर म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"वहिनी, त्यांनी तुम्हाला लिहायला लावलं असतं, तर दोन्ही चिठ्ठ्या सारख्या नसत्या का निघाल्या?"

मायबाई! एवढी साधी गोष्ट. माझ्या डोक्यात नाही आली, ह्यांच्या नाही आली, त्या दहा-बारा विद्वानांच्याही नाही. मी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत? ते दर रविवारी मान खाली घालून फिरतात, दिसत नाही तुम्हाला?" आवाज चढला माझा. सरांवर आजवर कोणी आवाज चढवला नसेल.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "दिसतं. पण मी त्यांचं खोटं उघडं पाडलं असतं, तर तुमचं आपोआप उघडं पडलं असतं. त्यांनी तुमच्यासाठी जे केलं ते मी कसं मोडू? ते तुम्हालाच मोडावं लागणार होतं." मग त्यांनी वही आणली. ह्यांची चिठ्ठी एका पानावर चिकटवलेली होती. समोरचं पान कोरं. "त्यांच्या चिठ्ठीवर माझा विश्वास आहे. पण नियम नियम आहे, दुसऱ्या चिठ्ठीशिवाय नोंद होत नाही."

"दुसरी चिठ्ठी मी कुठून आणू? मी पाहिलंच नाही."

"काहीतरी पाहिलंच असेल ना?" त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "जे पाहिलं तेवढंच लिहा."

मी बसले. ह्या वेळी शुद्धलेखन तपासलं नाही.

त्या रविवारी सरांच्या घरी चहा आला तेव्हा सर म्हणाले, "थांबा. एक चिठ्ठी वाचायची राहिली आहे." ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी पदराशी चाळा करत बसले. सर वाचू लागले.

"मी पक्षी पाहिला नाही. मी डब्याचं झाकण लावत होते. पहिली चिठ्ठी मी पुस्तकात पाहून माझ्या मनानं लिहिली. ह्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ह्यांनीही त्याबाबत खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी. मी जे पाहिलं ते असं. आधी तीन ठोके ऐकू आले. ठोक्यांतलं मला कळत नाही, पण ते मोठे होते. मग ह्यांनी माझा दंड धरला. ह्यांची नजर मोहाच्या झाडावर, वीसेक फुटांवर होती, तिथून ती डावीकडे नाल्यापलीकडे गेली. तोंड उघडं होतं. डोळ्यांत पाणी होतं. आमची मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात ह्यांचं तोंड असं झालं होतं. त्यानंतर मी ते पुन्हा पाहिलं नव्हतं. डोमकावळा पाहून ह्यांचं तोंड असं होत नाही. अंतर एक हात. उजेड भरपूर. वेळ पाच-सहा सेकंद. चष्मा लावलेला होता. मला खात्री आहे."

सर थांबले. कॅमेरेवाला तरुण खिडकीबाहेर पाहत होता. इंजिनिअरसाहेबांच्या कपातला चहा तसाच होता. मी मान वर करून सगळ्यांसमोर म्हटलं, "कॉपी मी केली. ज्याला हसायचं आहे त्यानं मला हसावं." कोणी हसलं नाही.

सर म्हणाले, "ही पक्ष्याची साक्ष होत नाही." ते सर आहेत, ते असंच म्हणणार. पण त्यांनी डिंकाची बाटली उघडली, माझी चिठ्ठी त्या कोऱ्या पानावर, ह्यांच्या चिठ्ठीच्या अगदी समोर चिकटवली, आणि वर मोठ्या अक्षरांत पक्ष्याचं नाव लिहिलं. नावापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाले, "पेन्सिलीनं आहे. खोडता येईल."

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. घरी येताना ऑटोत तोंड रस्त्याकडे करून बसले. मी मनातून घाबरले होते, म्हटलं, चारचौघांत मुलीच्या दवाखान्याचं काढलं, आवडलं नसेल. मनीषनगरचं वळण आलं तेव्हा बाहेर पाहत म्हणाले, "झाकण लावायले तुले तोच टाईम भेटला का वं?"

"मुंग्या येऊन राहिल्या होत्या!"

"खाऊ द्यायच्या होत्या नं त्यायले वड्या!" असं म्हणाले आणि हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले आणि रडलेही, ऑटोवाला आरशातून पाहत होता तरी.

पुढच्या रविवारी पुन्हा खाप्याला जायचं ठरलं. ह्या वेळी ह्यांनी कोणाच्या मागं राहायचं नाव काढलं नाही. पुढे चालत, थांबत, कान लावत, "तो पाहा सोनपाठी सुतार," म्हणून चारदा तरी सगळ्यांना थांबवलं, आणि सर मागं पेन उघडं ठेवून चालत होते. नाल्यापाशी आल्यावर गुडघ्यानं ऐकलं नाही. बाकीचे पुढे गेले. आम्ही दोघं त्याच दगडांवर बसलो. समोर तोच वाळलेला मोह.

मी सवयीनं पिशवीतून डबा काढला. ह्यांनी हात पुढे केला, डबा माझ्या मांडीवरून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. मग गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली, पट्टा कानामागून सारखा केला.

"आज झाकण मी पाहतो," म्हणाले. "तू वर पाह्य."